पितळ खाणारं पाणी

“अक्का, गुलाबपाण्याची रिकामी बाटली आहे का गं एखादी?”

अक्का पातेल्यातला काढा फडक्यातून गाळत होती. तिनं मागं वळूनही पाहिलं नाही. “फळीवर पालथ्या घातल्यात, त्यातली घे. कशाला हवी? अत्तरं विकणार आहेस?”

“हो. तुझ्या बुवांवर शिंपडायला.”

“तोंड बघा! आधी ती पाटी वेळेवर लाव. नानासाहेब सकाळी दारात येऊन गेले. म्हणाले, ‘तुमच्या श्रीरंगाला विचारा, पाटी आज लागणार की पुढच्या दत्तजयंतीला?’”

मी बाटली घेतली, आणि शेजारच्या माझ्या घरी परत आलो.

या गोष्टीला आता सव्वीस वर्षं झाली. अक्का माझी थोरली बहीण. मेहुणे गेल्यावर ती माझ्या शेजारच्या दोन खोल्यांत राहायला आली, आणि नीरेकाठच्या दत्तमंदिराला तिनं वाहून घेतलं. उत्सवात येणाऱ्या प्रत्येक कीर्तनकाराचा काढा तिच्या हातचा. ज्येष्ठमध, हिरडा, सुंठ, चवीला खडीसाखर. गुलाबपाण्याच्या काचेच्या बाटल्या ती वर्षभर जपून ठेवायची, ते या काढ्यासाठीच.

आणि मी पितळेच्या पाट्या करणारा. घरावरच्या, दवाखान्यावरच्या, कुणाच्या स्मरणार्थ दिलेल्या बाकावरच्या. कीर्तनाचा मात्र लहानपणापासून वेडा. चाळीस मैलांवर कीर्तन असलं तरी दुकानाला कुलूप लावून जायचो. इंदू, माझी बायको, म्हणायची, “गिऱ्हाईक आलं तर काय सांगू? मालक नामस्मरणात आहेत?”

त्या वर्षी मंदिरातल्या कीर्तनसेवेला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. पन्नास वर्षांत जे जे बुवा तिथं उभे राहिले, त्यांची नावं एका मोठ्या पितळी पाटीवर घालायची असं ठरलं. विश्वस्त नानासाहेब रिसबूड म्हणाले, “पुण्याहून करून आणू. काम सफाईदार होईल.” अक्का त्यांच्या ओसरीवर जाऊन बसली. “माझा भाऊ इथं बसलेला असताना पुण्याला कशाला?” असं तीनदा म्हणाली, आणि काम मला मिळालं. हे सगळं गावाला माहीत होतं. नानासाहेबांना तर फारच माहीत होतं.

पाटीवर एकतीस नावं होती. तीस नावं उत्तम उतरली. एकतिसावं, उजव्या कोपऱ्यातलं, उथळ आलं. ते नेमकं हेर्लेकरबुवांचं, म्हणजे ज्यांचं कीर्तन त्या दिवशी होतं त्यांचं.

पितळेवर अक्षरं मी छिन्नीनं खोदत नाही. फेरिकनं उतरवतो. फेरिक क्लोराइड. लोखंडाचाच क्षार आहे तो. आणला की गुळाच्या ढेपेतून फोडल्यासारखे पिवळे-तपकिरी खडे असतात. डबा जरा उघडा राहिला की हवेतलं पाणी ओढून घेतात आणि आपोआप पाझरायला लागतात. ते पाण्यात सोडले की पाणी तापतं, वाफ धरतं. म्हणून आधी पाणी घ्यायचं आणि खडे थोडे थोडे त्यात सोडायचे. खड्यांवर पाणी ओतलं तर ते फसफसून अंगावर येतं. सगळं प्लास्टिकच्या घमेल्यात करायचं, कारण धातू हेच त्याचं खाणं. पत्र्यावर काळं वॉर्निश लावायचं, अक्षरांपुरतं खरवडायचं आणि पत्रा बुडवायचा. उघडं पडलेलं तेवढं ते सावकाश खात जातं. थंडीत त्याची भूक मंदावते. मार्गशीर्षातल्या गारठ्यात माझ्या घमेल्याची एक बाजू थंड राहिली, आणि बुवांचं नाव उपाशी राहिलं.

वडिलांनी मला हे काम शिकवलं तेव्हा पहिल्या दिवशी एवढंच सांगितलं होतं, “याचं भांडं याचंच. दुसऱ्या कशाच्या भांड्यात हे घालू नकोस आणि याच्या भांड्यात दुसरं काही घालू नकोस. जो विसरला त्याचं एक बोट तरी गेलंय.”

मी वीस वर्षं ते पाळलं. फेरिकची माझी वेगळी जाड बरणी होती, तिच्यावर लाल रंगानं फुली होती. त्या दिवशी सकाळी तिचं झाकण तडकलं. देवळात जायला उशीर होत होता. म्हटलं, चार पावलांवर तर जायचंय, पावशेर पाणी न्यायचंय. लवकर खावं म्हणून गरम पाण्याच्या बादलीत धरून ते कोमट केलं, अक्काच्या बाटलीत भरलं आणि बूच लावलं. फुली काढायला रंगाचा डबा उघडायचा कंटाळा केला.

कीर्तन चार वाजता होतं. मी तीनला देवळात पोचलो. बायका जाजमं पसरत होत्या. मी पाटी भिंतीला टेकवली, पिशवीतून बाटली काढली, तेवढ्यात नानासाहेब आले.

“काय वडके, झाली का कला पुरी?”

“एक कोपरा राहिलाय. अर्ध्या तासाचं काम.”

“ते मागं ओवरीत करा हो. इथं लोक बसायचेत. आणि आधी हे खिळे बघा, वाकडे आहेत असं गुरव म्हणतोय.”

माझ्या हातात बाटली. खाली ठेवावी तर अनवाणी पायांची ये-जा. कुणाचा पाय लागला, बाटली फुटली, तर? समोर दत्ताच्या पादुकांचा चौरंग होता. मनात आलं, इथं कुणी हात लावणार नाही. बाटली पादुकांजवळ ठेवली, हात जोडले आणि खिळे बघायला गेलो.

परत आलो तोवर बुवा आले होते. सत्तरीचे, उंच, किंचित वाकलेले, आवाज मात्र घंटेसारखा. लोक पाया पडत होते, मीही पडलो. “वडके, आमचं नाव कुठं बसवलंत?” त्यांनी विचारलं. “शेवटी,” मी म्हटलं. “बरोबर आहे,” ते म्हणाले, “पंगतीत वाढप्यानं शेवटीच बसावं.”  नाव नुसतं शेवटी नव्हतं, उथळही होतं. मी चौरंगाजवळची बाटली घाईनं उचलली, पाटी काखेत मारली आणि मागच्या ओवरीत गेलो.

नमन सुरू झालं. पेटीचा सूर, झांज, मग बुवांचा आवाज. मी पाटी आडवी ठेवली, त्या नावाभोवती मेणाची छोटी भिंत केली आणि आत बाटलीतलं पाणी ओतलं. पूर्वरंगाला बुवांनी विषय घेतला होता वाणीचा. माणसाच्या तोंडून काय जातं आणि काय येतं. माझे कान तिकडं होते.

पाच मिनिटं झाली. फेरिक पितळेवर पडलं की पितळ काळवंडतं. पितळ तसंच पिवळं. कीर्तन ऐकता ऐकता अर्धा तास झाला. मी बोट लावलं. चिकट लागलं.

वाटलं, पाणी मेलं. फेरिक फार वापरलं की हिरवट होतं आणि खायचं थांबतं. पण हे तर ताजं. मी बाटलीचं तोंड पिशवीतल्या चिंधीनं पुसलं. ती माझी कामाची चिंधी, सकाळच्या फेरिकनं पिवळी झालेली, अजून ओलसर. आणि चिंधीवर, जिथं बाटली पुसली तिथं, डोळ्यांदेखत काळाभोर डाग पसरला. दौत सांडल्यासारखा.

आमचे आजोबा हिरडा आणि हिराकस उकळून शाई करायचे. हिरड्याला लोखंडाचा क्षार भेटला की शाई होते, हे मला कुणी नव्यानं सांगायला नको होतं. फेरिक चिंधीत होतं. मग हिरडा बाटलीत होता.

मी बाटली नाकाशी धरली. ज्येष्ठमधाचा वास.

 मग लगेच मनानं समजूत घालायला सुरुवात केली. अक्का काढा आधी देवापुढं ठेवते, आणि कधीकधी दोन बाटल्या आणते. एक आजचा, एक जादा. म्हणजे बुवांपुढं गेली ती दुसरी काढ्याचीच असेल. माझी अजून चौरंगावरच असेल. असेलच. मी ओवरीतून वाकून पाहिलं. चौरंगावर पादुका, फुलं, समई. बाटली नव्हती.

बाजूच्या दारापाशी खांबाला टेकून अक्का बसली होती. समईत तेल घालायचं काम तिचं, म्हणून तिची जागा दारातच असे. मी रांगत रांगत तिच्या मागं गेलो.

“अक्का.”

“श्श.”

“अक्का, बुवांचा काढा कुठल्या बाटलीतला ओतलास?”

“कुठल्या म्हणजे? देवापुढच्या. आता बोलू नकोस, किती गोड चाललंय.”

“तिथं किती बाटल्या होत्या?”

“दोन होत्या. मला वाटलं, इंदूनंपण काढा करून पाठवला. भली आहे हो ती. माझा पार गार झाला होता बघ. म्हणून जी कोमट लागली ती ओतली सगळी. बुवांच्या घशाला कोमटच बरं.” आणि मग तिनं माझ्याकडं पाहिलं. “असा का दिसतोयस? चक्कर येतेय का?”

बुवांच्या उजव्या हाताला, पेटीवाल्याजवळ, छोट्या पाटावर त्यांचं तांब्याचं फुलपात्र होतं. वर झाकणी. बुवा दुसऱ्या कशातून पीत नसत. त्यांच्या गुरूंनी दिलेलं होतं ते. आणि हे सगळ्या गावाला ठाऊक होतं की बुवा पूर्वरंग संपेपर्यंत थांबतात. मध्यंतरी नामाचा गजर होतो, बुक्का लावतात, हार घालतात, आणि मग बुवा काढा पितात. एका दमात, अर्धं फुलपात्र.

“नाही गं, काही नाही,” मी म्हटलं.

का म्हटलं, मला माहीत आहे. अक्कानं नानासाहेबांच्या ओसरीवर बसून मिळवलेलं काम. मांडवात दोन-अडीचशे माणसं. ‘वडक्यानं बुवांच्या काढ्यात फेरिक घातलं.’ ते वाक्य मला ऐकू येत होतं, नानासाहेबांच्या आवाजात.

वाटलं, गजराच्या गडबडीत फुलपात्र हळूच उचलू. कुणाला कळायचं नाही. मी भिंतीकडेनं पुढं सरकायला लागलो.

“वडके, बसा हो,” नानासाहेब दबक्या आवाजात म्हणाले. “कीर्तनात उभं राहून बुवांच्या अंगावर सावली पाडू नये, एवढं तरी.”

“मला पुढं जायचंय.”

“पाटी झाली?”

“नाही.”

“मग पुढं कशाला?”

मी खाली बसलो. माझ्यापासून पाट दहा हातांवर होता. तेवढ्यात पूर्वरंगाचा शेवटचा चरण तिसऱ्यांदा घेतला गेला आणि दत्तनामाचा गजर उसळला. सगळा मांडव टाळ्या वाजवू लागला. गुरवानं बुवांच्या कपाळाला बुक्का लावला. नानासाहेब हार घेऊन उठले. बुवांनी हार घेतला, काढून पेटीवर ठेवला, उपरण्यानं घाम टिपला, आणि हात फुलपात्राकडं गेला.

मी उठलो ते त्यांच्या समोरच जाऊन उभा राहिलो. त्यांनी झाकणी काढायच्या आधी मी फुलपात्रावर हात ठेवला.

गजर तसाच चालू राहिला, पण पुढच्या रांगा गप्प झाल्या.

“काय हो?” बुवा म्हणाले.

 माझ्या तोंडातून निघालं, “माशी पडलीय, बुवा.”

“झाकणीतून?”

“घालताना पडली असेल. मी... मी दुसरा आणतो.”

बुवा हसले. मोठ्यानं लोकांना म्हणाले, “बघा, दत्ताच्या दारी माशीचाही घसा बसलाय!” सगळे हसले. मी फुलपात्र दोन्ही हातांत धरलं, अगदी सरळ, एक थेंब जाजमावर सांडणार नाही असं, आणि ओवरीत आलो. मागून नानासाहेबांचं ऐकू आलं, “कीर्तन सोडून हे माशा मारत बसलेत.” त्यावरही लोक हसले, आणि मला ते हसणं इतकं गोड लागलं म्हणून सांगू!

सुटलो होतो. मी भिंतीला टेकून दोन मिनिटं नुसता श्वास घेतला. काढ्याची वाट न बघता बुवांनी आत उत्तररंग सुरू केला. सुदाम्याची कथा. सुदामा द्वारकेच्या वाटेला लागला होता.

फेरिक असं कुठंही ओतून देता येत नाही. फरशी खातं, मोरीची जाळी खातं, झाडाच्या मुळात गेलं तर झाड वाळतं. पिशवीत धुण्याचा सोडा होता, प्लास्टिकचा डबा होता. मी सावकाश पाणी डब्यात काढलं, सोडा घातला. ते फसफसलं, गढूळ झालं. मग रिकामं फुलपात्र उजेडाकडं धरलं.

आतून ते काठापासून दोन बोटं खाली एका रेषेत खाल्लं गेलं होतं. रेषेच्या वर जुनं तपकिरी तांबं, खाली गुलाबी, कोवळ्या कातडीसारखं. पाऊण तासात एवढं. मी ते फिरवलं, आणि थांबलो.

त्या रेषेपासून एक पट्टी वर गेली होती. बोटभर रुंद, थेट काठापर्यंत. काठावरून बाहेरही जराशी.

पत्र्यावर फेरिक कसं वाहिलं, किती वेळ राहिलं, हे बघण्यात माझं आयुष्य गेलंय. आत्ता हिंदकळून गेलेला ओघळ ओला असता. हा कोरडा होता, कडा पिवळ्या धरलेला, मधे तांबं मंद खाल्लेलं. पाऊण तासापूर्वी कुणीतरी फुलपात्र कलतं केलं होतं.

ओतताना लागलं असेल, मी मनाला म्हटलं. अक्काचा हात हलतो अलीकडं. ओतताना बाहेर सांडलं असेल. पण अक्काचा हात हलत नव्हता. आणि काठ फक्त एकाच जागी खाल्ला होता, ओठ लागतो तेवढ्या जागी.

आत सुदामा कृष्णाच्या मंचकावर बसला होता, आणि वहिनीनं काय पाठवलंय म्हणून कृष्ण विचारत होता. सुदामा पोह्यांची पुरचुंडी काखेत दडवत होता. बुवा त्या जागी नेहमी एक तान घेत. त्यांनी ती घेतली. अर्ध्यावर त्यांना खोकला आला. त्यांनी घसा साफ केला. पुन्हा घेतली. पुन्हा खोकला.

“काय दडवतोस रे?” ते कृष्णाच्या आवाजात म्हणाले, आणि तिसऱ्यांदा खोकले.

मी कधी उठलो, दारातून कसा आलो, मला आठवत नाही. एवढंच आठवतं की मी भिंतीकडेनं गेलो नाही. मधून गेलो. बायकांच्या आणि पुरुषांच्या मधली जी वाट देवासाठी मोकळी ठेवतात, तिच्यातून. हातात रिकामं फुलपात्र होतं.

पेटी थांबली.

“बुवा, माशी नव्हती.”

“अहो वडके...” नानासाहेब उठले.

“बुवा, त्यात काढा नव्हता. फेरिक होतं. माझं पितळ खायचं पाणी. मी अक्काच्या बाटलीत भरून देवापुढं ठेवलं होतं. अक्काची काही चूक नाही, तिला माहीत नव्हतं. बाटली मी ठेवली. आणि मघाशी मी खोटं बोललो. तुम्ही आरंभी त्यातलं प्यालात का? किती प्यालात? मला खरं सांगा.”

 मागं अक्का “मी ओतलं रे, देवा, मी ओतलं” असं म्हणत खालीच बसली.

बुवा माझ्याकडं बघत होते. त्यांनी उपरण्याचं टोक पुढं केलं. त्याच्यावर पिवळा-तपकिरी डाग होता.

“आरंभी नुसतं ओठाला लावलं,” ते म्हणाले. “तीर्थ घेतो तसं. कसंतरीच लागलं, लोखंड चाटल्यासारखं. म्हटलं, अक्कानं काही नवीन औषध घातलं असेल, तिला वाईट वाटायला नको. थुंकी उपरण्याला पुसली. एखादा थेंब गेला असेल पोटात.”

“एखादाच?”

“एखादाच.”

तोवर बायकांतून डॉक्टरीणबाई सबनीस पुढं आल्या होत्या. गावातली निम्मी बाळंतपणं केलेल्या. त्यांनी बुवांना हाताला धरून पाटावर बसवलं. “तोंड उघडा. जीभ. हं. कुणीतरी पाणी आणा, कळशीभर. चूळ भरा आणि थुंका, पुन्हा भरा, मी पुरे म्हणेपर्यंत. नाही, ओकायचं नाही, मुळीच ओकायचं नाही. जाताना एकदा भाजलं ते येताना दुसऱ्यांदा भाजायला नको.” मग माझ्याकडं वळल्या. “किती तीव्र होतं? आणखी काय मिसळलं होतंस?”

“नुसतं फेरिक आणि पाणी. ताजं.” आणि धीर द्यावा म्हणून म्हटलं, “काही शहरांत नदीचं गढूळ पाणी निवळायलापण हेच वापरतात, बाई.”

“हौदभर पाण्यात चमचाभर. तू फुलपात्रभर दिलंस.” त्या म्हणाल्या. “अर्धं फुलपात्र पोटात गेलं असतं तर आज मी इथं चुळा भरवत बसले नसते, श्रीरंग.”

अख्खा मांडव ऐकत होता.

बुवांनी कळशी संपेतो चुळा भरल्या. ओठ आतून पांढरा पडला होता, जिभेचं टोकही. बाईंनी कपभर दूध घ्यायला लावलं, आणि आठ दिवस गाणं बंद म्हणून सांगितलं. कीर्तन अर्ध्यावर राहिलं. सुदामा पुरचुंडी काखेत धरून तसाच बसला. पेटीवाल्यानं नामाचा गजर धरला, लोक उठेनात, आरती होईपर्यंत सगळे म्हणत राहिले. नानासाहेब माझ्या बाजूनं गेले तेव्हा मी मान खाली घातली होती. ते क्षणभर थांबले आणि पुढं गेले.

बुवा आठ दिवस अक्काच्या घरी राहिले. मऊ भात, दूध, खिरी. अक्का त्यांच्यापुढं काही ठेवताना आधी स्वतः चाखायची, पाणीसुद्धा. मी रोज जायचो आणि उंबऱ्याशी बसायचो. तिसऱ्या दिवशी त्यांचा आवाज जरा मोकळा झाला.

“वडके,” ते म्हणाले, “माशी केवढी होती हो तुमची?”

अक्कानं पदर तोंडाला लावला. मला हसू येईना, रडू येईना.

“शंकराला विष गळ्यात धरावं लागलं,” बुवा म्हणाले. “माझ्यावर कृपा, ओठातच निभावलं. पण मला एक सांगा. तुम्ही माशी म्हणालात, फुलपात्र घेऊन गेलात. काम झालं होतं. परत का आलात?”

मी फुलपात्र त्यांच्यापुढं ठेवलं. घासूनपुसून आणलं होतं. त्यांचं बोट धरून मी आतल्या रेषेवरून फिरवलं, आणि मग काठापर्यंत गेलेल्या त्या पट्टीवरून.

“हे दिसलं मला,” मी म्हटलं. “तुमचा ओठ लागलेला.”

ते बराच वेळ अंगठा त्या जागी घासत राहिले. “हे मला नाही कळलं असतं,” म्हणाले.

“मी कल्हई लावून देतो, बुवा. तुमच्या गुरूंचं आहे. ही रेषसुद्धा कळणार नाही असं करून देतो.”

“नको.” त्यांनी ते माझ्या हातात दिलं. “आता यातून प्यायला माझा हात धजणार नाही, आणि गुरूंची वस्तू टाकवत नाही. तुम्ही ठेवा.”

नवव्या दिवशी संध्याकाळी ते पुन्हा उभे राहिले. आवाज पूर्वीसारखा नव्हता, तान घेतली नाही. पण आले ते थेट द्वारकेत, मंचकावर, “काय दडवतोस रे?” इथूनच सुरुवात केली, आणि पुरचुंडी सोडवली. त्या दिवशी मांडवात उभं राहायला जागा नव्हती.

पाटीही त्याच दिवशी लागली. बुवांचं नाव अजून उथळच होतं. नानासाहेब म्हणाले, “वडके, तेवढं पुरं करून घ्या आता, नवं पाणी आणा.” बुवांनी चष्मा लावून ते वाचलं. “दिसतंय की,” म्हणाले. “आता या नावासाठी पुन्हा ते पाणी देवळात आणू नका.” ते अजून तसंच आहे. सकाळी ऊन तिरपं पडतं तेव्हाच वाचता येतं.

बुवा जाऊन आता चौदा वर्षं झाली, अक्का जाऊन सहा. दुकान चालू आहे. इंदूनं त्याच आठवड्यात सगळ्या बरण्यांवर स्वतःच्या हातानं ‘विष’ असं लिहिलं, वीतभर अक्षरांत, आणि आमच्या घरात गुलाबपाण्याची काचेची बाटली पुन्हा आली नाही.

फुलपात्र देवघरात आहे. त्यात आम्ही काही भरत नाही. रोज पूजा झाली की मी ते पुसतो, आणि पुसताना अंगठा काठावरच्या त्या पट्टीवर येतो. आला की हात धुतो, उठतो, आणि दुकानात जाऊन एकूणएक बरण्यांची झाकणं पुन्हा बघून येतो. इंदू विचारत नाही, कुठं चाललात म्हणून.